पंप ओढायला शिकवणार कोण?

गोळी पाण्याबरोबर गिळली की रुग्णाचे काम संपते. पुढचे पोट बघून घेते. इन्हेलरचे, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत 'पंपाचे', तसे नाही. औषध फुप्फुसात किती पोहोचेल हे डबीवर छापलेल्या मात्रेपेक्षा रुग्णाच्या श्वासावर अधिक ठरते. श्वास चुकला तर औषध जिभेवर, टाळ्यावर, घशात चिकटते आणि बराचसा भाग गिळला जातो. रुग्णाला वाटते आपण औषध घेतले. डॉक्टरांना वाटते औषध लागू पडत नाही, म्हणून ते मात्रा वाढवतात किंवा दुसरे औषध जोडतात. महाग औषधाला वाईट म्हणण्याआधी ते आत गेले का, हे बघायला हवे, एवढी साधी गोष्ट वैद्यकाला पन्नास वर्षे छळते आहे. रुग्णाला पंप नीट वापरायला शिकवावे, यावर कोणाचेच दुमत नाही. वाद आहे तो कसे शिकवावे, कोणी शिकवावे, आणि शिकवल्याने आजारात खरोखर किती फरक पडतो, यावर.

सुरुवात कुठे झाली

१९५५ साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, की केसांच्या स्प्रेसारख्या डब्यात माझे औषध का भरत नाहीत? ही कथा या क्षेत्रातला प्रत्येक जण सांगतो. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मोजून एकेक फवारा देणारा पहिला इन्हेलर 'मेडिहेलर' या नावाने बाजारात आला. त्याआधी काचेच्या नेब्युलायझरचा रबरी फुगा हाताने दाबत बसावे लागे. ती काच फुटे, मात्रेचा भरवसा नसे. खिशात मावणारा डबा ही त्या मानाने क्रांतीच होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस साल्ब्युटामॉल आले, १९७२ साली बेक्लोमेथासोन हे श्वासावाटे घेण्याचे स्टेरॉइड आले, आणि दम्याचा उपचार कायमचा इन्हेलरशी बांधला गेला.

डबा सोपा दिसत होता, आणि घोटाळा तिथेच झाला. फवारा सुटणे आणि श्वास आत घेणे एकाच क्षणी जमवायचे असते, तेही दम लागलेल्या माणसाने. याच सुमारास रॉजर अल्टून्यान यांनी ब्रिटनमध्ये 'स्पिनहेलर' तयार केला. त्यात फवारा नाही, कॅप्सूलमधली पूड आहे, आणि ती रुग्णाच्या स्वतःच्या श्वासाच्या जोरावर बाहेर पडते. १९७० च्या दशकातच ग्लॅक्सोचा 'रोटाहेलर' आला. हात आणि श्वास यांचा मेळ घालायची कटकट गेली, पण तिच्या जागी वेगळी अट आली. आता श्वास जोरदार हवा होता.

भारतात आज जी दोन साधने सर्वाधिक दिसतात, ती याच दोन घराण्यांतली: फवाऱ्याचा पंप आणि पारदर्शक रोटाहेलर.

दोन साधने, उलट सूचना

शिकवण्याच्या अडचणीचे मूळ इथे आहे. फवाऱ्याच्या पंपासाठी श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा, चार-पाच सेकंद लांबवायचा. घाईने ओढला तर वेगाने सुटलेले थेंब घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतात. पुडीच्या साधनासाठी सुरुवातीपासूनच झटक्यात आणि जोरात ओढायचे. हळू ओढले तर पूड मोकळी होत नाही. अनेक रुग्णांच्या हातात दोन्ही असतात. दम लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा, रोजची कॅप्सूल वेगळी. त्यांना परस्परविरुद्ध दोन श्वास शिकायचे असतात. एकच सवय दोन्हीकडे लागू होते आणि एका साधनाचे औषध वाया जाते. नेदरलँड्समध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या प्रकारचे इन्हेलर एकत्र वापरणारे दमेकरी एकाच प्रकारचे साधन वापरणाऱ्यांपेक्षा जास्त चुकताना आढळले, ते यामुळेच.

बाकीच्या चुकांची यादी लांब आहे. पंप हलवायचा राहून जातो. ओढण्याआधी श्वास पूर्ण बाहेर सोडला जात नाही, किंवा तो थेट रोटाहेलरमध्येच सोडला जातो आणि पूड ओलसर होते. ओढल्यावर श्वास रोखला जात नाही. पंपात औषध संपले तरी त्यातला वायू फवारत राहतो आणि रिकामा डबा आठवडेच्या आठवडे वापरला जातो. तो पाण्यात तरंगवून पाहण्याची जुनी युक्ती बेभरवशाची आहे. डोस मोजणारा आकडा असलेला पंपच खरा. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरायची राहते आणि तोंडात बुरशी धरते, आवाज बसतो. कोकणातल्या पावसाळ्यात कॅप्सूलच्या बाटलीचे झाकण उघडे राहिले तर हवेतला दमटपणा पुडीला लागतो, हे रुग्णाला कोणी बजावून सांगत नाही. कॅप्सूल रोटाहेलरमध्ये न घालता सरळ गिळणारेही असतात. हा प्रकार अडाणीपणाचा म्हणून हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २००८ साली तिथल्या रुग्णांसाठी नेमकी हीच सूचना काढावी लागली होती.

चुका कमी झाल्या का?

या प्रश्नाचे सर्वात मोठे आणि सर्वात निराशाजनक उत्तर २०१६ साली 'चेस्ट' या नियतकालिकात आले. स्पेनमधले जोआकिम सांचिस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतले १४४ अभ्यास एकत्र केले. त्यांत ५४ हजारांहून अधिक लोकांची तपासणी होती. बिनचूक वापर करणारे सुमारे ३१ टक्के निघाले, आणि तितकेच अगदी वाईट वापर करणारे. पहिली वीस वर्षे आणि नंतरची वीस वर्षे यांत फरक जवळपास नव्हता. साधने सुधारली, पत्रके छापली गेली, मार्गदर्शक तत्त्वे निघाली, तरी आकडा जागचा हलला नाही.

दोन वर्षांनी शिकवणाऱ्यांचीच झडती घेणारा आढावा आला. डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट यांच्यावरच्या अभ्यासांत इन्हेलर पूर्ण बरोबर वापरून दाखवणारे सरासरी १५ ते १६ टक्केच होते, आणि आधीच्या वीस वर्षांपेक्षा नंतरच्या काळात ते प्रमाण घटलेले होते. ज्याला स्वतःला येत नाही तो शिकवतो, हा रुग्णाच्या चुकांहून मोठा दोष मला वाटतो. पण या क्षेत्रातल्या परिषदांत चर्चा मुख्यतः रुग्णाच्या चुकांची होते.

शिकवल्याचा उपयोग होतो, असे म्हणणारे

पहिला पक्ष म्हणतो, शिकवणे चालते, फक्त ते शिकवण्यासारखे शिकवायला हवे. पत्रक हातात देणे किंवा तोंडी सांगणे पुरत नाही. शिकवणाऱ्याने स्वतः करून दाखवावे, मग रुग्णाने करून दाखवावे, चुकलेली पायरी दुरुस्त करावी, आणि जमेपर्यंत हे चक्र चालवावे. ऑस्ट्रेलियात औषधांच्या दुकानांतल्या फार्मासिस्टनी हे केले, तेव्हा दोन-तीन मिनिटांत तंत्र सुधारले आणि दम्याचा ताबाही सुधारलेला दिसला. तिथल्याच संशोधकांनी आणखी एक युक्ती वापरून पाहिली: रुग्ण जिथे चुकतो ती पायरी ठळक केलेली चिठ्ठी त्याच्या इन्हेलरवरच चिकटवायची. शिकागोत व्हॅलेरी प्रेस यांनी रुग्णालयात दाखल रुग्णांवर 'येईपर्यंत शिकवणे' आणि 'एकदा सांगणे' यांची तुलना केली. पहिल्या गटात चुका कितीतरी कमी राहिल्या. पण महिनाभराने, तीन महिन्यांनी तपासल्यावर त्या फायद्यातला मोठा वाटा ओसरलेला होता.

ओसरणे हा शब्द या सगळ्या संशोधनात पुन्हा पुन्हा येतो. जागतिक दमा मार्गदर्शिका 'जिना' म्हणूनच सांगते, की तंत्र दर भेटीला तपासावे, आणि औषध वाढवण्याआधी तर नक्कीच.

फायदा किती, असे विचारणारे

दुसरा पक्ष सावध आहे. २०१७ साली 'कोक्रेन' या संस्थेच्या आढाव्यात दम्याच्या रुग्णांवरच्या २९ यादृच्छिक चाचण्या तपासल्या गेल्या. बहुतेक ठिकाणी शिकवल्याने तंत्र सुधारले होते. पण दम्याचे झटके कमी झाले का, आयुष्याचा दर्जा वाढला का, याचे पुरावे विस्कळीत निघाले. आढाव्याच्या लेखकांनी लाभाबद्दल ठाम विधान करायचे टाळले.

असे का व्हावे? एक खुलासा औषधशास्त्रातून मिळतो. श्वासावाटे घेण्याच्या स्टेरॉइडचा बहुतेक लाभ कमी मात्रेतच मिळतो. मात्रा वाढली तरी लाभ त्या प्रमाणात वाढत नाही. मोठी मात्रा चुकीच्या तंत्राने घेणाऱ्याच्या फुप्फुसातही पुरेसे औषध जात असू शकते. तंत्र सुधारल्यावर त्याच्या दम्यात फरक दिसणार नाही, मात्र त्याची मात्रा कमी करता येईल. दुसरा खुलासा सवयीचा आहे. बरोबर ओढणे आणि रोज ओढणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जो आठवड्यातून दोनदा पंप घेतो, त्याचे तंत्र आदर्श केल्याने काय साधणार? तिसरा खुलासा मोजमापाचा. पायऱ्यांच्या यादीत सगळ्या पायऱ्यांना सारखे गुण मिळतात, पण सगळ्या पायऱ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत.

हा तिसरा मुद्दा मला सर्वात वजनदार वाटतो. 'गंभीर चूक' कशाला म्हणायचे, यावर एकमतच नाही. २०१८ सालच्या एका आढाव्यात वेगवेगळ्या अभ्यासांत गंभीर चुकीची सुमारे ३०० वर्णने सापडली. आजाराशी चुकांचा संबंध शोधणारे 'क्रिटिकल' हे संशोधन २०१७ साली आले. त्यात साडेतीन हजारांहून अधिक दमेकऱ्यांची माहिती होती. पुडीच्या साधनात जोर न लावणे आणि पंपात श्वास सुरू व्हायच्या आधीच फवारा सोडणे, या चुकांचा ताबा नसलेल्या दम्याशी संबंध दिसला. मात्र असा संबंध म्हणजे कारण नव्हे. ज्याचा दमा बळावला आहे त्याला जोर लावताच येत नसेल, असेही असू शकते.

माणूस बदलावा की साधन?

तिसरा पक्ष प्रश्नच फिरवतो. चाळीस वर्षे शिकवून माणसे चुकतच असतील, तर साधन बदला.

या बाजूचा सर्वात जुना उपाय आहे स्पेसर. पंपाला प्लास्टिकची पोकळ नळी जोडली की फवारा त्यात मावतो आणि रुग्ण सावकाश, चार-पाच साध्या श्वासांतही औषध घेऊ शकतो. लहान मुलांना मास्क लावून याच मार्गाने औषध दिले जाते. केपटाऊनमध्ये हीदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले, की अर्ध्या लिटरच्या साध्या प्लास्टिक बाटलीला भोक पाडून केलेला स्पेसरही बाजारातल्या स्पेसरइतकेच काम करतो. आपल्या ग्रामीण दवाखान्यांसाठी हे संशोधन फार मोलाचे आहे, आणि त्याचा वापर जेवढा व्हायला हवा तेवढा होत नाही. स्पेसरचे तोटेही आहेत: तो खिशात मावत नाही, चारचौघांत काढायला संकोच वाटतो, आणि फडक्याने घासून पुसला तर त्यावर स्थिर वीज जमून औषध भिंतींना चिकटते. साबणाच्या पाण्यात बुडवून तो निथळत ठेवायचा असतो. म्हणजे स्पेसर आला की त्याचे शिक्षण आलेच.

श्वास ओढताच आपोआप फवारा सोडणारी साधनेही आली आहेत. भारतात 'सिंक्रोब्रीद' हे त्यातले एक. मंद, धुक्यासारखा फवारा देणारी साधने आली. प्रत्येकाने एक जुनी चूक घालवली आणि एखादी नवी आणली. २००९ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात असे दिसले, की रुग्णाशी न बोलता त्याचे साधन बदलले तर दम्याचा ताबा बिघडतो. हा इशारा आज पुन्हा महत्त्वाचा आहे, कारण युरोपात पंपातल्या वायूमुळे पृथ्वी तापते म्हणून रुग्णांना पुडीच्या साधनाकडे वळवले जात आहे. पर्यावरणाचा युक्तिवाद खरा आहे. नेहमीच्या पंपातल्या वायूची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. पण साधन बदलले की शिकवणी पहिल्यापासून सुरू होते, हा खर्च त्या हिशोबात क्वचितच धरला जातो.

डिजिटल साधनांचा गाजावाजाही आहे. आयर्लंडमध्ये 'इन्का' या छोट्या ध्वनिमुद्रकाने इन्हेलरमधला आवाज टिपून श्वास बरोबर ओढला की नाही हे ओळखले, आणि त्या माहितीवरून उपचार केल्यावर महागड्या औषधांकडे जाण्याची गरज कमी झाली. आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांपासून हे सध्या दूर आहे.

आपल्याकडचे चित्र

'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज'च्या २०१६ सालच्या अंदाजानुसार भारतात सुमारे ५ कोटी ५३ लाख सीओपीडीचे, म्हणजे श्वासमार्ग कायमचा अरुंद होण्याच्या आजाराचे, आणि ३ कोटी ७९ लाख दम्याचे रुग्ण होते. त्याच मालिकेतल्या नंतरच्या अंदाजांनुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक इथले. या दरीचे सगळे खापर चुकीच्या तंत्रावर फोडता येणार नाही. बहुतेकांपर्यंत रोजचे स्टेरॉइड पोहोचतच नाही, अनेकांच्या आजाराचे निदानच होत नाही. चुलीच्या धुराने सीओपीडी होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये ठळकपणे मांडले. हा आजार झालेल्या बायका आयुष्यभर 'खोकला आहे' एवढ्यावरच राहतात.

इथे तंत्राच्याही आधी एक अडथळा येतो. पंप म्हणजे शेवटचा उपाय, पंपाची सवय लागते, ही समजूत घट्ट आहे. लग्न ठरायच्या वयातल्या मुलीचा पंप कपाटात लपतो. त्रास वाढला की दवाखान्यात जाऊन वाफ, म्हणजे नेब्युलायझर, आणि सलाईन. बरे वाटले की सगळे बंद. अशा घरात श्वास किती सेकंद रोखायचा हे शिकवण्याआधी पंप रोज का घ्यायचा हे पटवावे लागते, आणि ते घरच्या मोठ्यांनाही पटवावे लागते. परदेशी चाचण्यांच्या शिकवणीत हा भाग जवळजवळ नसतोच. त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे इथे आणताना हे लक्षात ठेवायला हवे.

शिकवणार कोण, हा प्रश्न इथे सर्वात बोचरा होतो. देशोदेशींच्या तपासणीच्या वेळांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात भारतातल्या प्राथमिक तपासणीला सरासरी सुमारे दोन मिनिटे मिळतात असे दिसले. म्हणजे इन्हेलर शिकवायला लागणारा वेळ आणि पूर्ण तपासणीचा वेळ जवळपास सारखाच. डॉक्टरांकडून दर भेटीला शिकवणी होईल, ही अपेक्षा अशा ओपीडीत धरता येत नाही.

दुसरा पर्याय केमिस्ट. २०१५ सालच्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समुपदेशन करण्याची जबाबदारी फार्मासिस्टवर टाकली आहे. प्रत्यक्षात काउंटरवर गर्दी असते, दाखवण्यासाठी औषध नसलेला नमुना-पंप बहुधा नसतो, आणि हे काम केल्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. ऑस्ट्रेलियातला प्रयोग यशस्वी झाला तो प्रशिक्षित फार्मासिस्टकडून, हेही विसरता येत नाही.

तिसरा पर्याय औषधकंपन्यांचे प्रशिक्षक. सिप्लाच्या 'ब्रीदफ्री' उपक्रमासारख्या व्यवस्थेतून रुग्णांना इन्हेलर शिकवले जाते. या व्यवस्थेची बाजू घेणारे विचारतात, की दुसरे कोण शिकवते आहे? आक्षेप घेणारे म्हणतात, की कंपनीचा माणूस कंपनीचेच साधन शिकवणार, आणि रुग्णाला कोणते साधन झेपेल हा निर्णय विक्रीच्या सावलीत होणार. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. सार्वजनिक व्यवस्था ही जागा रिकामी ठेवत असेल, तर ती कोणीतरी भरणारच.

चौथा पर्याय प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आता सीओपीडी आणि दमाही धरले जातात. रक्तदाब आणि मधुमेहासाठी घरोघर जाणारी माणसे तीच आहेत. पण केंद्रात इन्हेलरचा साठाच नसेल तर शिकवायचे कशावर, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

अजून सुटलेले नाही ते

किती दिवसांनी पुन्हा शिकवावे, याचे नेमके उत्तर नाही. 'दर भेटीला' हा सल्ला सुरक्षित आहे, पण तो वेळापत्रक ठरवत नाही. दहा सेकंद श्वास रोखावा ही सूचना प्रत्येक पत्रकात असते. दमेकरी वृद्धाला दहा सेकंद जड जातात, आणि त्याहून कमी रोखल्याने किती नुकसान होते, यावर तज्ज्ञ एकमताचे नाहीत. ओढण्याआधी श्वास पूर्ण बाहेर सोडायला विसरणे ही सर्वाधिक आढळणाऱ्या चुकांपैकी एक आहे, पण तिने आजार बिघडतो याचा पुरावा तोकडा आहे. शिकवताना सातआठ पायऱ्या सांगाव्यात, की ज्यांनी खरोखर फरक पडतो त्या दोन-तीनच घोटून घ्याव्यात? माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. पण त्या दोन-तीन कोणत्या, हे साधनागणिक ठरवावे लागेल, आणि ते काम अर्धवट आहे.

संधिवाताने बोटे आखडलेल्या आजीला पंपाचा डबा दाबता येत नाही, तिच्या फुप्फुसात रोटाहेलरसाठी लागणारा जोर नाही, आणि स्पेसर कोणी दिलेला नाही. कोणते साधन कोणाला, हे ठरवण्याआधी श्वासाचा जोर मोजणारी साधी, स्वस्त उपकरणे आहेत. ती छातीच्या तज्ज्ञांकडे काही प्रमाणात दिसतात, तालुक्याच्या ठिकाणी क्वचितच.

मराठीतल्या सूचनाही तपासायच्या राहिल्या आहेत. पेटीतल्या पत्रकातली बारीक अक्षरे, चित्रांतले बाण, 'श्वास पूर्णपणे सोडा' यासारखी वाक्ये न वाचणाऱ्या किंवा कमी वाचणाऱ्या रुग्णाला कशी कळतात, चित्रफीत फोनवर दाखवली तर जास्त लक्षात राहते का, हे नीट तपासता येण्याजोगे प्रश्न आहेत. त्यांना मोठा पैसा लागत नाही. दोन-तीन जिल्ह्यांतली आरोग्य केंद्रे घ्यावीत. काहींत आशांनी, काहींत परिचारिकांनी, काहींत आजूबाजूच्या केमिस्टनी नमुना-पंप घेऊन दर महिन्याला शिकवावे, आणि वर्षअखेर पायऱ्यांचे गुण न मोजता रुग्ण किती वेळा वाफ घ्यायला धावला, किती वेळा दाखल झाला, स्टेरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स किती लागले, एवढेच मोजावे.